तुरळक ठिकाणी, बऱ्याच ठिकाणी

आयुष्यातली तीसेक वर्षं मी वृत्तपत्राच्या कचेरीत इंग्रजी बातम्यांचं मराठी करण्यात घालवली. या काळात माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यातल्या फार थोड्या अवघड शब्दांमुळे झाल्या. अवघड शब्द आला की माणूस सावध होतो, उठून कपाटातला शब्दकोश काढतो. घात करतात ते सोपे शब्द. त्यातही एका जातीच्या शब्दांनी मला वरचेवर फसवलं. एखादी गोष्ट किती ठिकाणी आहे, किती जणांत आहे, किती पसरली आहे, हे सांगणारे इंग्रजी शब्द. आज त्यांच्याविषयीच बोलायचं आहे.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. एप्रिल-मे महिना, पाण्याची टंचाई. रात्री अकराच्या सुमाराला टेलिप्रिंटरवर एका जिल्ह्याची बातमी आली. तिच्यात एक वाक्य होतं, 'फ्यू व्हिलेजेस हॅव रिसीव्ह्ड टँकर्स.' पान सोडायची घाई होती. मी लिहिलं, 'काही गावांत टँकर पोहोचले आहेत.' बातमी छापून आली आणि मी विसरूनही गेलो.

तीन-चार दिवसांनी त्या भागातली चार माणसं कचेरीत आली. त्यातल्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या डोक्याला मुंडासं होतं आणि हातात आमच्याच पेपरची घडी. ही मंडळी टँकर मागायला गेली होती, तेव्हा साहेबांनी हेच कात्रण त्यांच्यापुढे धरलं होतं. टँकर सुरू झालेत, पेपरात आलंय, असं सांगून त्यांची बोळवण झाली होती. म्हातारबाबा मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "साहेब, ही काही गावं कंची, तेवढं सांगा. आम्ही बी तिकडंच ऱ्हायला जातो."

मी तारेची मूळ प्रत शोधून काढली. वाक्यात 'अ फ्यू' नव्हतं, नुसतं 'फ्यू' होतं. इंग्रजीत या दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. 'अ फ्यू' म्हणजे काही, थोडीबहुत. नुसतं 'फ्यू' म्हणजे जवळजवळ नाहीतच. बातमीदार सांगत होता, की फारच थोड्या गावांना टँकर मिळाले. तक्रारीची बातमी मी दिलाशाची करून टाकली होती.

आपल्याकडे हेच काम एक अक्षर करतं. 'थोडी माणसं आली' आणि 'थोडीच माणसं आली' ही दोन वाक्यं म्हणून बघा. इंग्रजी माणूस 'अ' लावून आशा वाढवतो, आपण 'च' लावून ती काढून घेतो. तेव्हा 'फ्यू'चं मराठी 'मोजकीच', 'थोडीच', 'बोटांवर मोजण्याइतकी' असं व्हायला हवं. त्यावर कडी म्हणजे 'क्वाइट अ फ्यू'. त्याचा अर्थ बरेच! 'लिटल' आणि 'अ लिटल' यांचंही असंच आहे, फक्त ते पाणी, पैसा, वेळ अशा मोजता न येणाऱ्या गोष्टींसाठी.

दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींची दुरुस्ती छापली. तिचा त्या गावाला काही उपयोग झाला का, ते मला कधी कळलं नाही.

आता रेडिओवरच बोलतो आहे, तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं एक उदाहरण घेऊ. जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज बातम्यांच्या शेवटी आपण ऐकतो : कोकणात बहुतांश ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी, मराठवाड्यात काही ठिकाणी आणि विदर्भात तुरळक ठिकाणी पाऊस पडण्याची शक्यता आहे. पिढ्यान्‌पिढ्या हे शब्द कानावरून गेलेत. निवेदकाच्या बोलण्याला जरा वजन यावं म्हणून ते येत असावेत, असं मलाही बरीच वर्षं वाटायचं. पण तसं नाही. यातल्या प्रत्येक शब्दामागे आकडा आहे.

हवामान खात्यानं पर्जन्यमानासाठी देशाचे ३६ उपविभाग केले आहेत. आपल्या वाट्याला कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे चार येतात. एखाद्या उपविभागातल्या जितक्या केंद्रांवर पाऊस मोजला जातो, त्यांतल्या पाव भागापर्यंत केंद्रांवर पाऊस झाला, तर इंग्रजी पत्रकात शब्द येतो 'आयसोलेटेड'. २६ ते ५० टक्के केंद्रांवर झाला, तर 'स्कॅटर्ड'. ५१ ते ७५ टक्क्यांवर झाला, तर 'फेअर्ली वाइडस्प्रेड'. आणि त्याच्या वर झाला, तर 'वाइडस्प्रेड'. आपले तुरळक, काही, बऱ्याच आणि बहुतांश हे याच चार पायऱ्यांवर उभे आहेत. व्यवहारात 'वाइडस्प्रेड' हा किती ढिला शब्द! वाइडस्प्रेड डिसअपॉइंटमेंट, वाइडस्प्रेड सपोर्ट. किती माणसं नाराज, किती पाठीशी, कोणी विचारत नाही. हवामानवाल्यांनी मात्र या सैल शब्दाला चारांतली वरची पायरी देऊन बांधून टाकलं.

ज्यांनी 'मोस्ट'साठी 'बहुतांश' हा शब्द योजला, त्यांचं मला कौतुक वाटतं. 'बहुतेक' हा रोजचा शब्द हाताशी होता, पण तो इथे गोंधळ करतो. 'बहुतेक गावांत पाऊस पडला' यातलं बहुतेक म्हणजे मोठा भाग, आणि 'बहुतेक पाऊस पडेल' यातलं बहुतेक म्हणजे कदाचित. अंदाजाच्या वाक्यात हा शब्द टाकला असता, तर ऐकणाऱ्यानं कुठला अर्थ घ्यायचा?

माझे मामा मराठवाड्यात कोरडवाहू शेती करायचे. संध्याकाळच्या बातम्या ते ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकत. एकदा मी सुट्टीत गेलो असताना 'मराठवाड्यात काही ठिकाणी' असं आलं. मी पेपरवाला, म्हणून मामांनी मला विचारलं, "काही ठिकाणी म्हंजे आपलं ठिकाण त्यात हाय का न्हाई, ते इचार की तुझ्या रेडिओवाल्यांना." मी हसलो. तेव्हा मला कळलं नव्हतं, की त्यांनी नेमकं दुखण्यावर बोट ठेवलं होतं. 'काही ठिकाणी' हा सगळ्या मराठवाड्याबद्दलचा अंदाज असतो. शंभर केंद्रांपैकी पंचवीस ते पन्नास, एवढंच तो सांगतो. तुमचं शिवार त्या पंचविसांत की उरलेल्यांत, याचं उत्तर त्या शब्दात नाही आणि ते असल्याचा दावाही त्यानं केलेला नाही. पण ज्याची बियाण्याची पिशवी दाराशी येऊन पडली आहे, तो 'काही ठिकाणी' हे शब्द आपल्याच गावाच्या नावाने ऐकतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असं कृषी खातं दर वर्षी कानीकपाळी ओरडतं ते यासाठीच. अंदाजातल्या शब्दावर पेरायचं नसतं, आपल्या रानात पडलेल्या पावसावर पेरायचं असतं. नाहीतर दुबार पेरणी, आणि बियाण्याचा खर्च दुसऱ्यांदा.

आणखी एक गफलत होते. तुरळक म्हटलं, की आपल्याला हलका पाऊस वाटतो. दोन थेंब पडतील आणि जाईल. पण तुरळक हा शब्द जागेविषयी बोलतो, जोराविषयी बोलत नाही. जोरासाठी खात्याचे शब्द वेगळे आहेत. २४ तासांत साडेचौसष्ट मिलिमीटरच्या वर गेला की जोरदार, एकशे पंधराच्या वर अति जोरदार आणि दोनशे चारच्या वर गेला की त्याहूनही वरची पायरी. त्यामुळे 'तुरळक ठिकाणी अतिवृष्टी' या वाक्यात काहीही विसंगत नाही. २६ जुलै २००५ आठवा. मुंबईत सांताक्रूझच्या केंद्रावर २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच शहरात कुलाब्याच्या केंद्रावर तो ७३-७४ मिलिमीटर होता. दक्षिण मुंबईतल्या कचेरीतून दुपारी बाहेर पडलेल्या माणसाला, आपण कशात चाललो आहोत, याची कल्पना येणं शक्य नव्हतं. 'आयसोलेटेड' हा शब्द लॅटिनमधल्या बेट या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. त्या दिवशी ते बेट सांताक्रूझला होतं.

आता जिल्ह्यागणिक रंगांचे इशारे येतात, यलो, ऑरेंज, रेड. ते उपयोगी आहेत. पण तो रंग, तयारी किती ठेवायची, ते सांगतो. पाऊस किती ठिकाणी पडणार, यासाठी जुने चार शब्दच ऐकावे लागतात.

हेच 'आयसोलेटेड' हवामानातून राजकारणात आलं, की त्याचा स्वभाव बदलतो. 'ॲन आयसोलेटेड इन्सिडन्ट' असं म्हणणारा माणूस मोजणी सांगत नसतो, तो बहुधा विषय बंद करत असतो. 'स्पोरॅडिक' हा त्याचा भाऊ. त्याचं मूळ ग्रीकमध्ये पेरणे या अर्थाच्या धातूत आहे. मूठ फेकावी तशा इकडेतिकडे विखुरलेल्या घटना, आणि आजच्या वापरात अधूनमधून घडणाऱ्या. आणि तिसरे 'स्ट्रे इन्सिडन्ट्स'. ते तर मराठी पत्रकारितेनं दत्तकच घेतले. 'तुरळक प्रकार वगळता मतदान शांततेत' हे शीर्षक मी स्वतः किती वेळा दिलं असेल! आता हिशेब करतो तेव्हा ओशाळायला होतं. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभरात साधारण साडेदहा लाख मतदान केंद्रं होती. हजारात एका केंद्रावर दगडफेक झाली, तरी ती हजारावर केंद्रं होतात. टक्केवारीत तुरळक हे बरोबरच आहे. पण त्या हजार केंद्रांवर रांगेत उभ्या असलेल्या माणसांना 'वगळता' म्हणायचं, हे जरा जास्तच नाही का?

याच्या उलट टोकाला 'रॅम्पंट' आहे. युरोपातल्या जुन्या राजचिन्हांवर मागच्या दोन पायांवर उभा राहून पंजे उगारलेला सिंह असतो ना, त्या पवित्र्याला इंग्रजीत रॅम्पंट म्हणतात. तेव्हा 'रॅम्पंट करप्शन' म्हणणाऱ्यानं भ्रष्टाचार किती आहे हे सांगितलेलं नसतं, तो अंगावर येतो आहे एवढं सांगितलेलं असतं. 'रॅम्पंट ऑनेस्टी' असं कोणी म्हणत नाही. 'राइफ' हाही बहुधा वाईटाच्याच वाट्याला जातो. अफवा राइफ असतात, आनंद नसतो. 'प्रिव्हॅलन्ट' मात्र थंड डोक्याचा. आढळतं, प्रचलित आहे, इतकंच. चांगलं की वाईट, ते तुम्ही ठरवा.

इथे मराठी अनुवादकाला मोठी चैन आहे, आणि तोच धोकाही आहे. आपल्याकडे या शब्दांची भांडारं आहेत. डासांचा सुळसुळाट होतो, आंब्यांची रेलचेल असते, क्लासेसचं पेव फुटतं, अनधिकृत बांधकामं कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवतात, गुटखा सर्रास विकला जातो, रोगराई थैमान घालते. पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं, पण वाक्प्रचार जिवंत आहे. प्रत्येक शब्दाला स्वतःचा वास आहे. मूळ इंग्रजीत 'कोचिंग क्लासेस आर कॉमन इन द सिटी' एवढं साधं असताना, मी 'शहरात क्लासेसचं पेव फुटलं आहे' लिहिलं, तर वाक्य छान होतं. पण त्यातली नाराजी कुणाची? बातमीदाराची नाही. ती माझी, आणि ती मी दुसऱ्याच्या नावावर खपवली. उलट, मुळात 'रॅम्पंट' असताना 'आढळते' असं मिळमिळीत लिहिलं, तर त्याचा राग मी गिळला.

आता जरा गंभीर शब्दाकडे येतो. एपिडेमिक, एन्डेमिक, पॅन्डेमिक. तिन्हींच्या पोटात ग्रीक 'डेमॉस' आहे, म्हणजे लोक. लोकांवर आलेली ती एपिडेमिक, आपली साथ. सगळ्या लोकांवर आलेली ती पॅन्डेमिक, म्हणजे महासाथ. आणि लोकांमध्ये मुक्कामाला राहिलेली ती एन्डेमिक. ११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडच्या संदर्भात पॅन्डेमिक हा शब्द वापरला आणि तो घराघरांत पोहोचला. पुढे २०२१-२२ मध्ये इंग्रजी वाहिन्यांवर बोललं जाऊ लागलं, की आता हा आजार एन्डेमिक होणार. आमच्या सोसायटीत एका गृहस्थांनी मला आनंदानं सांगितलं, "आता संपलं बरं का, एन्डेमिक झालंय." शब्दातल्या 'एन्ड'नं त्यांना फसवलं होतं. एकट्या त्यांनाच नाही, मी अनेकांना असं बोलताना ऐकलं. एन्डेमिक म्हणजे संपलेला नव्हे, वस्तीला आलेला. तो सौम्य असतो असंही नाही. मलेरिया अनेक देशांत एन्डेमिक आहे आणि जगात त्यानं वर्षाला सहा लाखांच्या आसपास माणसं मरतात, त्यांत बहुतांश आफ्रिकेतली लहान मुलं. ज्यानं मास्क काढायचा की ठेवायचा हे एका शब्दावरून ठरवलं, त्याच्या घरात म्हातारी आई असेल, तर शब्दाचा अर्थ ही काही पंडितांची चैन राहत नाही.

गंमत अशी, की वनस्पतिशास्त्रात हाच एन्डेमिक वेगळं बोलतो. तिथे त्याचा अर्थ प्रदेशनिष्ठ, म्हणजे अमुक एका प्रदेशाबाहेर न सापडणारा. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर फुलणारी वायतुरा ही आपल्या सह्याद्रीची प्रदेशनिष्ठ वनस्पती. डॉक्टर एन्डेमिक म्हणाले तर समजायचं, इथे कायमचं आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणाले तर समजायचं, दुसरीकडे कुठेच नाही. म्हणजे दुर्मीळ आणि जपण्याजोगं. एकाच पुरवणीत दोन्ही लेख आले, तर अनुवादकानं काय करावं! माझं मत असं, की रोगाच्या बाबतीत 'प्रदेशनिष्ठ' वापरूच नये. 'कायम आढळणारा' असं सरळ लिहावं.

वैद्यकातली आणखी एक जोडी सांगतो, कारण तिच्यात आपल्या देशाची खरी गोष्ट आहे. 'प्रिव्हॅलन्स' म्हणजे आजच्या घडीला किती रुग्ण आहेत, आणि 'इन्सिडन्स' म्हणजे वर्षभरात नवे किती झाले. पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकीत आत्ता किती पाणी आहे तो प्रिव्हॅलन्स, वरचा नळ किती वाहतो तो इन्सिडन्स. खालची तोटी मोठी केली, तर नळ तसाच वाहत असूनही पातळी खाली जाते. डिसेंबर २००५ मध्ये भारतानं कुष्ठरोगाचं दूरीकरण झाल्याचं जाहीर केलं. इंग्रजीत त्याची व्याख्या स्पष्ट होती. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून, आणि दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण. हा प्रिव्हॅलन्स. बहुविध औषधोपचारांनी रुग्ण सहा महिन्यांत किंवा वर्षात बरा होऊन यादीतून बाहेर पडू लागला होता, म्हणजे तोटी मोठी झाली होती. मोठंच यश होतं ते. पण मराठीत आलं काय? 'कुष्ठरोगाचे निर्मूलन.' निर्मूलन म्हणजे मुळासकट उपटणं. मुळं तर होतीच. त्यानंतरही वर्षानुवर्षं देशात दर साल लाखाच्या वर नवे रुग्ण सापडत राहिले. कातडीवर बधिर चट्टा आलेल्या माणसानं 'आता तो रोग राहिलाच नाही' असं समजून घरी बसणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. लवकर औषध मिळालं तर हातपाय वाचतात, उशीर झाला तर हाताबोटांना कायमचं व्यंग येऊ शकतं.

सगळ्यांना सारखं लागू, यासाठी इंग्रजीत 'अक्रॉस द बोर्ड' म्हणतात. हा अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतीतला शब्द. एकाच घोड्यावर पहिला येईल, दुसरा येईल, तिसरा येईल अशा तिन्ही पैजा सारख्याच रकमेच्या लावायच्या. आपला 'सरसकट' त्याच्या तोडीस तोड आहे. जून २०१७ मधला शेतकऱ्यांचा संप आठवतो? मागणी होती सरसकट कर्जमाफीची, आणि पुढे त्याच वाक्यात 'निकष' हा शब्द येऊन बसला. सरसकट आणि निकष ही दोन माणसं एका बाकावर बसू शकत नाहीत, हे सांगायला भाषातज्ज्ञ लागत नाही. गावच्या पारावर ते तेव्हाच कळलं होतं.

शेवटी एक आयात केलेला वाक्प्रचार. 'टिप ऑफ द आइसबर्ग.' आपल्या दहा पिढ्यांत कुणी हिमनग पाहिला नसेल, पण 'हे तर हिमनगाचे टोक' याच्याशिवाय आमची घोटाळ्याची बातमी पुरी होत नाही. हिमनगाचा साधारण नऊ दशांश भाग पाण्याखाली असतो, म्हणजे हा वाक्प्रचार उघड उघड एक प्रमाण सांगतो : दिसलं त्याच्या नऊपट शिल्लक आहे. आपली म्हण दुसरीच, शितावरून भाताची परीक्षा. तीत निदान सगळा भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो, म्हणून एक शीत पुरतं.

एकदा आमच्या एका तरुण बातमीदारानं भेसळीच्या दुधाचे दोन कॅन पकडल्याची बातमी आणली. बातमी चांगली होती, पंचनामा, नमुने, सगळं होतं. शेवटचं वाक्य होतं, 'हे केवळ हिमनगाचे टोक आहे.' आमच्या मुख्य उपसंपादकांनी चष्मा वर केला आणि त्याला विचारलं, "पाण्याखाली कोण उतरलं होतं? तू?" पोरगा गप्प. त्यांनी ते वाक्य खोडलं, कॅन किती लिटरचे होते ते बातमीत कुठे आलं नव्हतं, ते विचारून घातलं, आणि कागद माझ्याकडे सरकवला.